गाडी घरची, वाट रानातली

"मिस्त्री, गाडी दोन इंच वर उचलून द्या." पुण्याजवळ भोसरीतल्या एका गॅरेजात नव्या गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच असतं. मिस्त्री लगेच हो-नाही म्हणत नाहीत. हात पुसत दोन प्रश्न विचारतात: गाडी कुठं कुठं नेता, आणि गाडीत बसतं कोण कोण? मी तिथं होतो त्या दुपारी आलेले गृहस्थ बँकेत नोकरीला. गाडी स्कॉर्पिओ-एन, डिझेल, फोर बाय फोर. रोजचं जाणं-येणं कोथरूड ते शिवाजीनगर. घरात आई-वडील, बायको, दोन मुलं. भोरच्या वरच्या अंगाला मूळ गाव. तिथली शेवटची वाट कच्ची, पावसाळ्यात नुसता चिखल. शिवाय वर्षातून तीन-चारदा एखाद्या किल्ल्याचा पायथा. ऐकून घेऊन मिस्त्री म्हणाले, "मग उचलायचं राहू द्या. आधी खाली वाकून बघू."

२०२० साली नवी थार आली, २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एन, २०२३ मध्ये जिम्नी, २०२४ मध्ये पाच दारांची थार रॉक्स. जीप म्हणजे शेतावरची किंवा फौजेतली गाडी, हा समज मागं पडला आणि मुलांना शाळेत सोडणारी गाडीच फोर बाय फोर झाली. त्यापाठोपाठ सामानाची दुकानं आली. लोखंडी बंपर, विंच, छतावरचा कॅरिअर, दिव्यांच्या पट्ट्या, उंची वाढवणारे किट. या दुकानांतून हिंडलो, मिस्त्रींशी बोललो, गाड्यांखाली वाकून पाहिलं, आणि माझं मत ठाम झालं. वर्षातले मोजके दिवस डांबर सोडणाऱ्या घरच्या गाडीला जे बदल खरोखर उपयोगी पडतात, ते लांबून दिसत नाहीत. आणि जे दिसतात, ते उरलेले सगळे दिवस घरच्या माणसांना त्रास देतात.

सह्याद्रीत कच्च्या वाटेनं गाडी नेणं ही काही नवी हौस नाही. महिंद्रानं १९४७ साली मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढं त्यांच्याच कमांडर, मार्शल आणि बजाज टेम्पोची ट्रॅक्स या गाड्या वडापला लागल्या आणि जिथं एसटी पोचत नव्हती तिथं पोचल्या. बाजाराच्या दिवशी मागच्या बाकांवर दाटीवाटीनं माणसं, पायाशी पाट्या आणि कोंबड्या, वर पोती. बहुतेक गाड्यांना फोर बाय फोर नव्हतंच. तरी त्या चढायच्या, कारण ताकद मागच्या चाकांना होती आणि सगळा भारही मागच्या चाकांवरच होता. चढावर वजन आणखी मागं सरकतं, म्हणजे ज्या चाकांनी ढकलायचं तीच जमिनीत घट्ट दाबली जातात. टायर अरुंद, पहिला गिअर भरपूर ताकदीचा, आणि ड्रायव्हरला वाटेतला दगड न् दगड पाठ. आज सर्वाधिक खपणाऱ्या क्रेटा, नेक्सॉनसारख्या गाड्यांची तऱ्हा उलटी. त्यांची ताकद पुढच्या चाकांना, आणि चढावर नेमकी तीच चाकं हलकी होतात. दिसायला एसयूव्ही असली तरी ओल्या मुरमाच्या चढावर ती गरगर चाक फिरवत थांबते. हे तिच्या रचनेतच आहे. कितीही सामान लावलं तरी ते बदलत नाही.

मधल्या जातीच्या गाड्याही आहेत. २०१४ साली आपल्याकडे आलेली रेनॉ डस्टरची ऑल व्हील ड्राइव्ह आवृत्ती त्यातली. तिला लो गिअर नव्हता, पण पहिला गिअर मुद्दाम आखूड ठेवलेला होता आणि मागची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर होती. ज्यांच्याकडे ती आहे ते अजून जपून वापरतात, आणि ते बरोबर करतात.

तर, खाली वाकून. मिस्त्रींनी गाडी लिफ्टवर घेतली नाही. जमिनीवर ताडपत्री टाकली, स्वतः आडवे झाले आणि मालकांनाही आडवं व्हायला लावलं. मागं बघा, म्हणाले. मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या लोखंडी हाउसिंगच्या मधोमध एक मोठा गोळा होता. तो डिफरन्शिअल, आणि मागच्या अंगाचा सगळ्यात खालचा भाग तोच. मिस्त्रींनी त्याच्यावर बोट ठेवून विचारलं, "स्प्रिंगखाली दोन इंचाचा ठोकळा घातला तर हा किती वर जाईल?" मालक म्हणाले, दोन इंच. मिस्त्रींनी मान हलवली. "एक सूतसुद्धा नाही."

उंची वाढवण्याबद्दलची सगळी गल्लत इथं आहे. स्कॉर्पिओ, बोलेरो, थार यांची मागची चाकं एका अखंड एक्सलवर बसतात. स्प्रिंग उंच केली की बॉडी आणि चासी वर जाते, पण एक्सल चाकाच्या मध्याशीच राहतो. वाटेच्या मधोमध उभा असलेला धोंडा त्या गोळ्याला जसा आधी लागायचा तसाच नंतरही लागतो. गोळा वर न्यायचा तर टायर मोठा घ्यावा लागतो, आणि टायर जेवढा मोठा त्याच्या निम्मीच उंची पदरात पडते. हिशोब सोपा आहे. जुन्या स्कॉर्पिओचा २३५/६५ आर १७ टायर जवळपास ७३७ मिलिमीटर व्यासाचा. त्याऐवजी २३५/७० आर १७ घातला तर व्यास ७६१ होतो. वाढ तीन टक्क्यांच्या थोडी वर, गोळ्याची उंची वाढली जेमतेम १२ मिलिमीटर. बदल्यात स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ८२-८३ नं पळते, गिअर जड होतात आणि पूर्ण वळणावर टायर आतल्या प्लास्टिकला घासतो का, हे तपासावं लागतं.

उंची वाढवल्याचा फायदा शून्य नाही. पोट, पुढचं नाक आणि मागचं टोक वर जातं, त्यामुळे खड्ड्यात उतरताना बंपर टेकत नाही. पण त्याची किंमत कुठं कुठं मोजावी लागते ते पाहा. पुढच्या चाकांना ताकद नेणारे शाफ्ट मूळच्यापेक्षा तिरपे होतात. त्यांच्या सांध्यांवरचे रबरी बूट लवकर फाटतात, आत माती जाते, ग्रीस बाहेर येतं आणि वळताना कटकट आवाज सुरू होतो. बॉल जॉइंट आणि बुश ताणले जातात, अलाइनमेंट टिकत नाही. गाडीचा गुरुत्वमध्य वर गेल्यामुळे घाटातल्या वळणावर ती जास्त कलते. कंपनीनं ब्रेक आणि घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मूळ उंचीवर तपासून बसवलेली असते, ती आता वेगळ्याच गाडीत काम करते. दिव्यांचा झोत वर जातो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत शिरतो. ज्या गाड्यांच्या काचेमागं कॅमेरा आणि जाळीमागं रडार असतं, त्यांचा हिशोब पुन्हा बसवावा लागतो. आणि घरातल्या आईला लुगडं सावरत आधीच उंच असलेल्या गाडीत आणखी दोन इंच वर चढावं लागतं, रोज. त्या गृहस्थांच्या आई गुडघ्यांनी बेजार होत्या. उंची वाढवायचा विषय तिथंच संपला.

मग करायचं काय? आधी टायर. कंपनीकडून येणारे टायर बहुधा महामार्गासाठीचे असतात: आवाज कमी, मायलेज बरं, नक्षी उथळ. चिखलात ती नक्षी क्षणात भरून जाते आणि चाक गुळगुळीत होतं. दुसऱ्या टोकाला नुसत्या चिखलासाठीचे टायर, मोठमोठ्या गड्ड्यांचे. ते डांबरावर घोंघावतात, आणि ओल्या डांबरावर ब्रेक मारला तर घसरतात. द्रुतगती मार्गावरून पावसात कुटुंब नेणाऱ्यानं त्यांच्या वाटेला जाऊ नये. मधला मार्ग ऑल टेरेन टायरचा. तोही महामार्गाच्या टायरपेक्षा थोडा जड, थोडा आवाजी, आणि मायलेजमध्ये थोडा मार देणारा. पण त्याच्या कडेची भिंत जाड असते, आणि जांभ्याच्या धारदार कडांच्या वाटेवर तीच कामाला येते. माप शक्यतो पुस्तिकेत दिलेलंच घ्यावं. टायरच्या कडेवर छापलेला भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नये. दुकानदार हे आपण होऊन सांगत नाही. स्कॉर्पिओ-एनच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. वरच्या व्हेरिएंटला १८ इंची रिम आणि खालच्यांना १७ इंची. दिखाव्याला १८ इंची छान. दगडाच्या वाटेवर मात्र लहान रिम आणि उंच रबर बरं, कारण दगडाचा मार रबर सोसतं, रिम सोसत नाही.

टायरनंतर त्यातली हवा. या गोष्टीला पैसे जवळजवळ लागत नाहीत, म्हणूनच बहुधा तिची जाहिरात कुणी करत नाही. मिस्त्रींनी पुढच्या चाकात नेहमीची ३४ पौंड हवा ठेवली आणि खडूनं टायर जमिनीला जिथं टेकतो तिथं पुढं आणि मागं रेघ मारली. मधलं अंतर वीतभराहून थोडं कमी. मग व्हॉल्व्हची सुई दाबून हवा सोडायला लागले. सूं आवाज येत राहिला, मधूनमधून गेज लावून पाहणं. १८ वर थांबले. गाडी पुढं-मागं करून पुन्हा रेघा मारल्या. अंतर जवळपास दीड वीत झालं होतं. टायर रुंदीला फारसा पसरला नव्हता, लांबीला पसरला होता. तेच वजन आता जास्त जमिनीवर वाटलं गेलं, म्हणून वाळूत आणि चिखलात चाक कमी रुततं, आणि दगडावर रबर दगडाच्या आकाराला बिलगतं. मालक बराच वेळ त्या रेघांकडे बघत उभे होते.

यातही मर्यादा आहेत. १५ पौंडांच्या खाली गेलं की वळताना टायरची कड रिमवरून सुटायची भीती. कमी हवेत वेग ताशी २०-३० च्या वर न्यायचा नाही, झटक्यात वळायचं नाही, आणि डांबरावर परत आलो की हवा भरल्याशिवाय पुढं जायचं नाही. कमी हवेचा टायर महामार्गावर तापतो आणि फुटतो. म्हणून गेज आणि बारा व्होल्टवर चालणारा चांगला कॉम्प्रेसर ही जोडी गाडीत हवीच. सिगारेट-लायटरच्या सॉकेटला लावायचे खेळण्यासारखे पंप चार चाकं भरेपर्यंत दम तोडतात. थेट बॅटरीला लावायचा घ्यावा.

पुढची गोष्ट गाडी बाहेर काढण्याची. रुतलेली गाडी काढताना जेवढे अपघात होतात तेवढे ती रुतताना होत नाहीत. कंपनी टूलकिटबरोबर जो आकडा देते तो बंद पडलेली गाडी सपाट रस्त्यावर ओढायला. चिखलात पोटापर्यंत रुतलेल्या अडीच टनी गाडीला ट्रॅक्टरचा हिसका बसला की त्या आकड्यावर कित्येक पट जोर येतो. आकडा तुटला तर तो काच फोडून आत येतो. ट्रेलरसाठी मागं बसवलेल्या लोखंडी गोळ्याला दोर अडकवणं तर जिवाशी खेळ. तो गोळा मोडून माणसं मेल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत. त्यासाठी थेट चासीला बोल्ट केलेला, भाराचा आकडा कोरलेला हुक पुढं आणि मागं बसवून घ्यावा. त्याच्याबरोबर तसाच आकडा असलेले दोन डी-शॅकल आणि ताणला जाणारा नायलॉनचा जाड दोर. साधी साखळी किंवा वायररोप लावून हिसका द्यायचाच नाही. ते ताणत नाहीत, तुटतात. दोराच्या मध्यावर जाड गोधडी टाकायची, म्हणजे तो तुटला तरी उसळत नाही. मुलांना आणि व्हिडिओ काढणाऱ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट दूर उभं करायचं. आणि यातलं काहीही करण्याआधी फावडं घ्यायचं. चाकापुढची माती काढली, हवा आणखी कमी केली, तर निम्म्या गाड्या दोराशिवायच बाहेर येतात, असं मिस्त्रींचं म्हणणं.

पोटाखालची पत्र्याची ढाल, म्हणजे इंजिनचं ऑइल चेंबर आणि गिअरबॉक्स झाकणारी जाड प्लेट, हा तिसरा उपयोगी खर्च. मूळचं आवरण बहुधा प्लास्टिकचं असतं, धोंड्यापुढं ते टिकत नाही. प्लेटला ऑइल बदलायची जागा आणि चिखल बाहेर पडायला भोकं आहेत ना, एवढं पाहून घ्यावं. बाकी काही लागत नाही.

फोर बाय फोर असूनही गाडी अडकते तेव्हा लोक चकित होतात. कारण साध्या डिफरन्शिअलचा स्वभाव असा की ज्या चाकाला विरोध कमी, तेच फिरतं. एक चाक हवेत गेलं की सगळी ताकद त्या हवेतल्या चाकाला, जमिनीवरचं चाक गप्प. थार, स्कॉर्पिओ-एनच्या काही आवृत्त्यांत मागचं डिफरन्शिअल आपोआप लॉक होतं. इतरांत ब्रेकच्या यंत्रणेकडून फिरणारं चाक दाबून धरलं जातं. दोन्हींना चाकं किंचित फिरावी लागतात तेव्हा कुठं ती जागी होतात. पण गाडी अडकली की नवशिका घाबरून पाय काढतो, यंत्रणा जागी व्हायच्या आत. तेव्हा पाय टिकवून धरण्याचं कसब कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही, शिकावं लागतं. इगतपुरीजवळ महिंद्राची ऑफ-रोड शिक्षणाची अकादमी आहे. तिथं चढ, उतार, चिखल आणि आडवा कल यांवर गाडी कशी हाताळायची ते शिकवतात. विंचच्या किमतीच्या लहानशा भागात हे शिक्षण होतं, आणि विंच लागण्याची वेळच कमी येते.

लोखंडी बंपर आणि विंचबद्दल मात्र स्पष्ट लिहायला हवं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलं की गाड्यांना लावलेले क्रॅश गार्ड आणि बुल बार हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग आहेत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळमधल्या प्रकरणात निकाल दिला, की उत्पादकानं मूळ दिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२ अ आलं. बेकायदा बदलासाठी दर बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण दंडाहून मोठं कारण वेगळं आहे. गाडीचं नाक धडकेत चुरगळावं म्हणूनच तसं बनवलेलं असतं. ते चुरगळताना धक्का शोषतं, आणि सेन्सर त्यावरून एअरबॅग कधी उघडायची ते ठरवतात. स्कॉर्पिओ-एनला २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले ते कारखान्यातून निघालेल्या नाकानिशी. त्यापुढं लोखंडाचा गर्डर लावला की ती चाचणी आपल्या गाडीला लागू राहत नाही. पायी चालणाऱ्याचं काय होतं ते तर बोलायलाच नको.

त्यात वजन. लोखंडी बंपर, विंच, छताचा कॅरिअर, त्यावरचा तंबू मिळून दीड-दोनशे किलो सहज होतात, आणि ते पुढच्या टोकाला आणि डोक्यावर बसतात. पाच माणसं आणि सामान यांचेच चारशे किलो. गाडी किती भार वाहू शकते हा आकडा पुस्तिकेत असतो. तो एकदा काढून बेरीज करून पाहावी. शिवाय विमा. बदल पॉलिसीत नोंदवला नसेल तर अपघातानंतर दावा अडतो, आणि स्पर्धेत भाग घेतला असेल तर नेहमीची पॉलिसी चालत नाही.

पाण्याबद्दल एकच सांगतो. नव्या थारची पाण्यातून जायची कंपनीनं दिलेली मर्यादा ६५० मिलिमीटर आहे, आणि ती संथ पाण्याची. वाहतं पाणी दोन फूट झालं की बहुतेक गाड्या तरंगायला आणि वाहायला लागतात, कारण टायर आणि बंद केबिन मिळून गाडी हलकी होते. स्नॉर्केल इंजिनला हवा पुरवतो. गाडीला जमिनीवर धरून ठेवत नाही. फरशी पुलावरून पाणी जात असेल तर थांबायचं. उतरेपर्यंत थांबायचं, नाहीतर मागं फिरायचं. संथ ओढ्यातून गेलात तर पुढं ब्रेक दोन-चारदा हलके दाबून सुकवावेत, आणि घरी आल्यावर डिफरन्शिअलचं ऑइल तपासावं. ते दुधट दिसलं तर आत पाणी गेलंय.

त्या गृहस्थांनी शेवटी काय केलं? मूळ मापाचे ऑल टेरेन टायर, चासीला दोन हुक, दोर आणि शॅकल, कॉम्प्रेसर, पोटाला प्लेट, एक फावडं. संध्याकाळी गाडी घेऊन निघाले तेव्हा शेजाऱ्याला काही बदललंय हे कळलंही नसतं.

राहिला प्रश्न, ही गाडी न्यायची कुठं. गावाची वाट, शेताची वाट, लोणावळ्याहून राजमाचीच्या उधेवाडीकडे जाते तशी माणसांच्या रोजच्या वापरातली कच्ची वाट, परवानगी घेतलेलं खासगी रान, अकादमीचं मैदान. एवढं पुरे. समुद्राची पुळण त्यात येत नाही. दर सुट्टीत कोकणच्या किनाऱ्यांवर गाड्या रुततात आणि भरतीत सापडतात, ते नुकसान मालकाचं. पण वेळास, आंजर्ल्याच्या वाळूत नोव्हेंबर ते मार्चच्या सुमाराला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. चाकांनी वाळू दबते, आणि चाकोरीच्या खोल रेघेत पडलेलं पिल्लू समुद्रापर्यंत पोचत नाही. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर कशेळीच्या हत्तीसारखी हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं कोरलेली आहेत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. कित्येकांना कुंपणही नाही. कास पठारावर बोटभर मातीत तेरडा आणि सीतेची आसवं उगवतात. मोकळा माळ दिसला म्हणून त्याच्यावर गाडी घालणाऱ्याला खाली काय आहे हे कळत नाही, आणि एकदा फुटलेला कातळ कुणी जोडून देत नाही.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत गाडी काढणार असाल तर टायरमधली हवा मोजा, हुक तपासा, फावडं डिकीत टाका. आणि पुळण, सडा किंवा पठार समोर आलं की गाडी डांबरावर उभी करून पुढं पायी जा.